विद्यापीठातलं संशोधन कपाटात कुजतं म्हणे!

गाड्यांचा धूर, इंधन, कोंडी यांवरच्या विद्यापीठीय संशोधनाचा धोरणाशी काडीचा संबंध नसतो, असा चार कलमी फॉरवर्ड फिरतोय. मामांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला, वर ‘अगदी खरं’ असा शेरा. मामा स्वतः इंजिनिअर, म्हणून जास्त चीड आली.

सर्वांत अचाट कलम दुसरं: “गाडी किती धूर सोडते ते कंपनीलाच ठाऊक, प्राध्यापक काय मोजणार?”

घडलंय नेमकं उलटं. सरकारी चाचणीत गाडी रोलरवर चढवतात. चाकं फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही आणि कोणत्या सेकंदाला किती वेग हेही ठरलेलं. गाडीतल्या सॉफ्टवेअरला हे सहज ओळखता येतं आणि चाचणीपुरता धूर कमी ठेवता येतो. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या गटाने २०१३ मध्ये तीन डिझेल गाड्या सरळ रस्त्यावर काढल्या. सायलेन्सरच्या तोंडाशी प्रवाहमापक, डिकीत वायू तपासणारी यंत्रं, सोबत जीपीएस आणि वेगळा जनरेटर. वीज गाडीतूनच घेतली तर इंजिनावर भार येतो आणि आकडा बिघडतो. नुसतं पीपीएम (धुराच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती) मोजूनही भागत नाही. वायूचं प्रमाण धुराच्या प्रवाहाशी गुणून अंतराने भागलं, की किलोमीटरमागे ग्रॅम मिळतात. वायू नळीतून यंत्रापर्यंत पोचायला काही सेकंद लागतात. ती वेळ जुळवली नाही, तर गाडी पळवतानाचा धूर ब्रेकच्या खात्यावर जमा होतो. शिवाय प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर ठाऊक प्रमाणाचा वायू सोडून यंत्र तपासायचं. वाचन फार सरकलं असेल तर फेरी बाद.

नायट्रोजन ऑक्साइड या घातक वायूंची मर्यादा होती किलोमीटरला ०.०४३ ग्रॅम. फोक्सवॅगनची एक गाडी तिच्या १५ ते ३५ पट निघाली, दुसरी ५ ते २० पट. रोलरवर मात्र दोन्ही पास! तिसरी, दुसऱ्या कंपनीची, बहुतेक मार्गांवर मर्यादेत राहिली, म्हणजे खोट यंत्रात नव्हती. अहवाल २०१४ चा. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारची नोटीस निघाली आणि कंपनीने जगभरातल्या सुमारे १.१ कोटी गाड्यांत ते सॉफ्टवेअर असल्याचं कबूल केलं. आता सांगा, कोणाला ठाऊक होतं आणि कोणी मोजलं?

पहिलं कलम, “प्रबंध कपाटात जातात”. कॅलटेक या अमेरिकी विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की लॉस एंजेलिसचं धुरकं गाड्यांच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडून बनतं. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. कपाट बरंच मोठं दिसतंय.

“रस्ता रुंद करा, कोंडी सुटते” हे तिसरं. ड्युरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी मांडली: महामार्गांच्या सगळ्या लेनची मिळून लांबी जितके टक्के वाढते, गाड्यांची धावही जवळपास तितकेच टक्के वाढते. पुढे बोलायची गरज नाही.

राहिलं चौथं, “संशोधन विकलेलं असतं”. यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य. हागेन-स्मिट यांना खोडायला तेल उद्योगाच्या पैशावरचंच संशोधन पुढे आलं होतं. आणि वेस्ट व्हर्जिनियाचा अहवाल आला म्हणून फोक्सवॅगन लगेच वाकली असंही नाही. २०१६ च्या मॉडेलांना मंजुरी अडेल असं दिसलं, तेव्हा तिने तोंड उघडलं. युरोपात २०१७ पासून नव्या मॉडेलांना रस्त्यावरची चाचणी सक्तीची झाली, तीही सुरुवातीला मर्यादेच्या २.१ पटीपर्यंत सूट देऊन. पण वेस्ट व्हर्जिनियाचा तो अहवाल कोणासाठी केला हे त्याच्यावर छापलेलं आहे. मामांच्या फॉरवर्डवर लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नाही.