टप्पे पाठ आहेत, पुढे काय?
डिझाइन प्रक्रियेचे टप्पे, म्हणजे अडचण समजून घेणं, कल्पना काढणं, नमुना बनवणं, तो तपासून सुधारणं, हे प्रशिक्षणात नीट समजावले की ते वर्गात आपोआप उतरतील, हे शिक्षक-प्रशिक्षणावरच्या तुमच्या लेखातलं विधान काही पटलं नाही. टप्पे आम्हा शिक्षकांना तोंडपाठ असतात, तक्ताही भिंतीवर लागतो. अडतं ते पुढेच. सहावीला मी दोन बाकांमध्ये कागदाचा पूल करायला देते. सपाट कागद लगेच वाकतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घातल्या की पेनं, खोडरबर आरामात पेलतो. पण पूल कोसळल्यावर मुलं विचारतात, 'बाई, आता काय बदलू?' एका वेळी एकच गोष्ट बदला, घडीची उंची नाहीतर बाकांमधलं अंतर, हे तिथल्या तिथे सुचायला शिक्षकाने स्वतः दोन-चार पूल पाडलेले असावे लागतात.

प्रशिक्षणात तेवढा वेळ देतं कोण? स्लाइड्स, चहा, फीडबॅक फॉर्म, झालं! आणि पडलेल्या पुलाला गुण कसे द्यायचे, यावर लेखात एक ओळही नाही.