‘नाव लपवा, पासवर्ड काढा’: आत्याकडे आलेलं फॉरवर्ड

आत्याचा परवा फोन आला. “अरे, ते वायफायचं नाव लपवायचं असतं ना, ते मी केलं. पासवर्डपण काढून टाकला. कटकट गेली एकदाची.” आवाजात शाबासकीची अपेक्षा होती. माझ्या तोंडावर जे आलं ते आत्याला ऐकवण्यासारखं नव्हतं, म्हणून “संध्याकाळी येतो” एवढंच म्हणालो.

तिच्याकडे आलेला मजकूर मलाही तीन ग्रुपांवरून आलाय. थोडक्यात असा: उघडी वायफाय हुडकत लोक फिरत असतात. त्यांच्यापासून वाचायचं तर राउटरचं नाव लपवा. नावच दिसत नसेल तर पासवर्ड कशाला, तो काढला की उलट वेग वाढतो. आपल्या फोनांचे मॅक अ‍ॅड्रेस (प्रत्येक यंत्राचा ओळखीचा पत्ता) तेवढे राउटरमध्ये नोंदवा, असे हुडकणारे ओळखून दाखवणारं ‘स्कॅनर पकडणारं’ अ‍ॅप टाका आणि हे दहा जणांना पाठवा.

पहिलं वाक्य खरं आहे, आणि त्याच्याच जोरावर बाकीचं खपतं. वायगल नावाच्या साइटवर २००१ पासून लोक फिरताना सापडलेली नेटवर्क्स नकाशावर टाकतायत. २०१० मध्ये गूगलने कबूल केलं, की रस्त्यांचे फोटो काढणाऱ्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांनी रस्त्याने जाताना लोकांच्या वायफायवरून जाणारा मजकूरही टिपला होता. कोणत्या वायफायवरून? बिनपासवर्डच्या. म्हणजे ज्या धोक्याची भीती घातली, त्याच्याच तोंडी द्यायचा सल्ला.

आता नाव लपवणं. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देत असतो. नाव लपवलं तरी हाळी चालूच राहते, फक्त तिच्यातली नावाची जागा कोरी जाते. आत्याच्या हॉलमध्ये लॅपटॉप उघडला तर यादीत भरघोस सिग्नलसकट ‘हिडन नेटवर्क’ हजर, आणि खाली शब्द: ‘ओपन’. “पण नाव कुठे दिसतंय?” आत्या म्हणाली. मग मी हवेतलं नुसतं ऐकणारं एक सॉफ्टवेअर लावलं आणि तिला फोनचं वायफाय बंद करून परत चालू करायला सांगितलं. फोनला जोडून घ्यायचं तर राउटरला नावानेच हाक मारावी लागते, आणि ती हाक उघड जाते, पासवर्ड असो वा नसो. स्क्रीनवर नाव उमटलं. तिच्या नातवाचं, तेही लाडाचं. आत्या माझ्याकडे बघतच राहिली.

एवढ्यावर भागत नाही. राउटर नाव सांगत नाही म्हटल्यावर फोनच जाईल तिथे ‘अमुक आहे का, अमुक आहे का’ विचारत सुटू शकतो. म्हणजे घरात लपवलेलं नाव बसमध्ये, दवाखान्यात जाहीर. हे माझ्या मनाचं नाही. राउटरची सेटिंग्ज कशी असावीत याचं अ‍ॅपलचं अधिकृत पान आहे. त्यात नेटवर्क लपवू नका असं सरळ सांगितलंय: लपवल्याने ते सापडायचं थांबत नाही, सुरक्षितही होत नाही, उलट तुमची ओळख पटवणारी माहिती बाहेर पडू शकते. मॅक फिल्टर, म्हणजे नोंदवलेल्या पत्त्यांनाच आत घेणं, तेही बंद ठेवा, असं त्याच पानावर आहे. कारण मॅक अ‍ॅड्रेस हवेतून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावर उघडा लिहिलेला असतो. कोणीही तो वाचून आपल्या यंत्राला चिकटवू शकतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून बहुतेक फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळाच, बनवलेला पत्ता देतात. काकांचा फोन दोन दिवस का जोडला जात नव्हता, ते तेव्हा कळलं. आत्याने त्यांच्या फोनचा मूळ पत्ता नोंदवला होता आणि शिव्या राउटरला पडत होत्या.

पासवर्ड काढला की वेग वाढतो, यात नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. राउटर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी या जुन्या सुरक्षापद्धतींवर ठेवलेला असेल तर वायफाय सेकंदाला ५४ मेगाबिटांवर अडकतं, आणि पासवर्ड काढल्यावर खरंच सुटतं. कोणाला तरी असा अनुभव आला असणार आणि त्याचा झाला नियम. अहो, पण त्यावर उपाय डब्ल्यूपीए२-एईएस ही त्यांच्यानंतरची पद्धत निवडण्याचा आहे! चप्पल चावते म्हणून कोणी पाय कापतं का? बँकेचं पान वेगळ्या एनक्रिप्शनने, म्हणजे सांकेतिक कुलपाने, झाकलेलं असतं, हेही कबूल. पण राउटरचं सेटिंगचं पान, घरातला प्रिंटर, आणि तुमच्या कनेक्शनवरून परका काय उद्योग करेल ते? त्याची चौकशी तुमच्याकडेच येणार.

स्कॅनर पकडणारं अ‍ॅप: नुसतं ऐकणारा हवेत काहीच सोडत नाही. कोण कोण ऐकतंय हे रेडिओ केंद्राला कळतं का? पुढे जाऊ.

ज्याची खरी भीती बाळगावी ते फॉरवर्डमध्ये नाहीच. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न घालता बटणाने किंवा पिनने फोन जोडायची राउटरमधली सोय. आठ आकडी पिन, म्हणजे वाटतं कोट्यवधी शक्यता. पण राउटर पहिले चार आकडे बरोबर की चूक ते वेगळं सांगून टाकतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. पहिल्या चारांच्या दहा हजार शक्यता अधिक पुढच्या तिनांच्या एक हजार, संपलं. स्टेफान फीबॉक याने हे २०११ मध्ये दाखवून दिलं. आत्याच्या राउटरवर ते चालूच होतं. बंद केलं. नाव परत दिसतं केलं, पण नातवाचं काढलं. पासवर्ड पाच असंबद्ध शब्दांचा घातला, कारण फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपून घरी बसून पासवर्डचे अंदाज लावता येतात. छोटा असेल तर लागतोही.

आत्याने पासवर्ड वहीत लिहून घेतला आणि हळूच विचारलं, “अरे, पण मी ते दहा जणांना पाठवलंय, त्याचं काय?”

त्यातल्या चौघांना मी फोन केला. बाकीच्या सहांचे नंबर माझ्याकडे नाहीत, म्हणून हे लिहिलं.