‘काका, अर्धवट शिकवू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नेट कंपनीच्या राउटरची रेंज मागच्या खोलीत येत नसेल तर त्याच्या लॅनच्या (घरातल्या यंत्रांसाठीच्या) भोकातून केबल काढून आपल्या दुसऱ्या राउटरच्या वॅनच्या (बाहेरून नेट आत येतं त्या) भोकात घालायची, अशी पोस्ट मी टाकली होती. त्यावर तुम्ही लिहिलंय, ‘काका, लॅनमधून वॅनमध्ये केबल घातली म्हणजे नेटवर्किंग येत नाही. डबल नॅट होतं, सरळ ब्रिज मोड करायला सांगायचं सोडून अर्धवट का शिकवता? आणि टीव्हीवर कास्ट होत नाही त्याचं काय?’ (डबल नॅट म्हणजे घरातल्या यंत्रांचे नेटवरचे पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलायचं काम दोन राउटरनी एकामागोमाग करणं. ब्रिज मोड म्हणजे कंपनीच्या राउटरला ते काम सोडून नुसती लाइन पुढं द्यायला लावणं. कास्ट म्हणजे मोबाइलवरचं टीव्हीवर दाखवणं.)

काका म्हणालात त्याचं काही नाही, केस पिकलेत. पण ‘अर्धवट’? घरी आलेल्या वायरमनला तरी आपण तोंडावर असं बोलतो का हो? सांगलीत नेट लावलं की घरचा फोन एंगेज लागायचा तेव्हापासूनचे माझे हे उद्योग आहेत, 2019 च्या पुरात गावभागात आमच्या घरात पाणी शिरलं तर मी रेशनकार्ड सोडून आधी राउटर माळ्यावर टाकला, बायको अजून ऐकवते त्यावरून.

एक राहिलं माझ्याकडून, मान्य. दोन्ही राउटरचा पत्ता 192.168.1.1 असला तर आपल्याचा बदलून 192.168.2.1 करायचा, नाहीतर दोघांची भांडणं लागतात. पोस्टमध्ये टाकलं आता.

बाकी ब्रिज मोड. ‘सरळ करायला सांगायचं’ म्हणे! सांगायला काय जातंय हो? डबा आपल्या घरात पण त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड कंपनीकडं. लाइनवाल्या पोराला फोन केला तर ‘सर ते ऑफिसातनं होतं’, ऑफिसात केला तर ‘तुमच्या एरियातल्या पोराला सांगा’, माझे दोन आठवडे गेले यात. बरं झालाच ब्रिज, तर पीपीपीओईचं (कंपनीच्या लाइनवर लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरायचं, कुठं कुठं व्हीलॅनचा (एकाच लाइनवरच्या वेगळ्या केलेल्या वाटेचा) नंबर पण लागतो, ते कोण देतंय मागितल्यावर लगेच? विश्रामबागेत माझ्या मेव्हण्यानं वैतागून कंपनीच्या राउटरला रिसेटची पिन मारली, सगळं सेटिंग उडालं, शनिवार रविवार घरात नेट नाही. तो पण तुमच्यासारखाच हुशार आहे.

आणि एवढं करून मिळवायचं काय? डबल नॅट नडतं ते बाहेरून आत यायचं असेल तेव्हा, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं घरातल्या ठरावीक यंत्राकडं पाठवणं), काही गेम वगैरे. यूट्यूब बघणाऱ्याला आणि वीजबिल भरणाऱ्याला ते कळत पण नाही. त्यात कंपनीच्या राउटरच्या स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 मधला दिसला की समजायचं, वर कंपनीनंच सीजीनॅट लावलंय, एका पब्लिक पत्त्यावर कितीतरी गिऱ्हाइकं. मग घरातलं एक नॅट काढलंत तरी वरचं आहेच की बसलेलं. तुमचा बघितलात का कधी? बघा आधी.

मी पोस्ट लिहिली ती मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून दारात उभं राहून व्हिडिओ कॉल करणाऱ्यांसाठी, इंजिनिअर लोकांसाठी नाही.

कास्टचं म्हणाल तर टीव्ही आणि मोबाइल एकाच राउटरच्या वायफायला जोडा, विषय संपला. आपल्या राउटरचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायचं काम) बंद करून लॅन टू लॅन जोडायची पण पद्धत आहे, माहितीये मला, त्यावर लिहीन सवडीनं.

आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा जरा नाव टाका खाली. ‘टेकगुरू’ला उत्तर देताना अहो म्हणावं का अरे, तेच कळेना.