फुकट गेमचं बिल नेमकं कोण भरतं?

मोजके ‘व्हेल’ (गेममध्ये सर्वाधिक खर्च करणारे खेळाडू) भरमसाट पैसे ओततात म्हणून बाकीच्यांना गेम फुकट मिळतो, मग ओरड कशाला, हा फुकट गेमवरच्या लेखातला मुद्दा काही पटला नाही. हे व्हेल सगळे गडगंज शेठच असतात हे कुणी सांगितलं?

गेन्शिन इम्पॅक्ट या फुकट गेमचंच घ्या. त्यात पात्रं लॉटरीसारख्या सोडतीतून मिळतात, यालाच ‘गाचा’ म्हणतात. पंचतारांकित, म्हणजे सर्वात दुर्मिळ, पात्र निघण्याची मूळ शक्यता दर खेपेला ०.६ टक्के. ९० खेपांत एक नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. नशीब रुसलं तर १८० पर्यंत जावं लागतं. रुपयांचे आधी क्रिस्टल, क्रिस्टलचे प्रिमोजेम (दोन्ही गेममधली चलनं), १६० प्रिमोजेमची एक खेप. एवढ्या उलाढालीत खिशातून किती गेले याचा हिशेब राहतच नाही, आणि तो राहू नये हीच तर गोम!

भाच्याच्या फोनवर (तो गेम वेगळा) हरल्या हरल्या ८९ रुपयांचा ‘स्पेशल पॅक’ झळकतो, वर उलटं धावणारं घड्याळ. यूपीआयचा पिन टाकला की काम तमाम. मटक्यात निदान आकडा लागला तर रोकड तरी हातात पडते.

बेल्जियमने २०१८ मध्येच पैसे देऊन घ्यायच्या लूट बॉक्सना (आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या गेममधल्या पेट्यांना) जुगार ठरवलं. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणाऱ्या २०२५ च्या कायद्यानंतर चर्चा झाली ती ड्रीम११ आणि रमीची. गाचाबद्दल फारसं कुणी बोललंच नाही. बंदी राहू द्या, आजवरच्या खर्चाची बेरीज गेम उघडताच रुपयांत दाखवा, एवढी सक्ती तरी करायला काय हरकत आहे?