टिनाच्या घरात ७.१ कशाले?

होम थिएटरवरच्या एका लेखात म्हटलंय, ५.१ (पाच स्पीकर अन् एक सबवूफर, म्हणजे जड आवाजाचा स्पीकर) काढा अन् ७.१ (सात स्पीकर अन् एक सबवूफर) लावा. राजेहो, आमच्या दारव्ह्याकडच्या घरावर टिनं आहेत. सबवूफर घुमला की नटबोल्ट खडखडतात अन् बाबा ओसरीतून ओरडतात, "गारा पडून राहिल्या का रे?" मी नवीन काहीच घेतलं नाही. मागचे दोन स्पीकर इतके दिवस टीव्हीजवळच होते (हसू नका), ते बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना, जरा मागं, कानाच्या थोडे वर टांगले. सबवूफर कोपऱ्यातून काढला, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे जड आवाज सबवूफरकडं जातात ती मर्यादा) ८० हर्ट्झवर आणला. संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. तो शोकेसमध्ये कोंबलेला होता, काठावर ओढल्यावर बोलणं स्वच्छ झालं. खर्च फक्त वायरचा. पैसे उरलेच तर पहिले स्टॅबिलायझर घ्या, संध्याकाळी पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते.