क्लीनरच्या सीटवर रॉटवायलर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतून कास्टिंग भरून ट्रकने चाकणला जाणाऱ्या माझ्या भाच्याला रॉटवायलर जातीच्या कुत्र्याचं पिल्लू घ्यायचंय आणि ते ट्रकमध्ये सोबत ठेवायचंय. त्यावरून घरच्या ग्रुपवर रणकंदन चालू आहे. बहीण म्हणते, असलं जनावर दारात नको. तालमीतली पोरं म्हणतात, नाद खुळा, घेऊन टाक. आणि दोन्हीकडचे पुरावा म्हणून मलाच पुढं करतात, कारण मी कॅनडात ट्रक चालवतो आणि माझ्या ट्रकात क्लीनरच्या जागी पन्नास किलोचा बाळ्या बसलेला असतो. तोही रॉटवायलरच.

'परदेशात कुत्र्यांना मान आहे, आपल्याकडं नुसती भीती,' हे वाक्य ग्रुपवर सारखं येतं. ते खरं नाही. मी राहतो त्या ओंटारियो प्रांतात 2005 पासून पिटबुलवर बंदी आहे. नवीन पाळता येत नाही, बाहेरून प्रांतात आणता येत नाही. जे आधीपासून होते त्यांना नसबंदी, साखळी आणि तोंडाला जाळी घालून राहू दिलं. वर गंमत अशी की कायद्याच्या व्याख्येत चार नावांबरोबर 'त्यांच्यासारखा दिसणारा' कुत्राही येतो. म्हणजे आई-बाप कोण हे बाजूला, थोबाड बघून निकाल. बाळ्या वाचला तो रॉटवायलर त्या यादीत नाही म्हणून, स्वभावाने गरीब म्हणून नव्हे.

ट्रकच्या धंद्यातही तेच. बऱ्याच कंपन्या कुत्रा चालेल म्हणतात, मग खाली बारीक अक्षरात वजनाची मर्यादा, डिपॉझिट आणि नको असलेल्या जातींची यादी येते. भीती विम्याची असते. मी आधी ज्या कंपनीत होतो तिथं रॉटवायलर हा शब्द ऐकल्यावर बोलणं संपलं. स्वतःचा ट्रक घेतला तेव्हा कुठं बाळ्या वर चढला. आणि चढला म्हणजे उडी मारून नव्हे. या जातीला खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचा त्रास लवकर होतो, केबिन पुरुषभर उंच, म्हणून त्याला फळीवरूनच चढवायचं-उतरवायचं. गोदामात माल भरताना तो खाली उतरत नाही. खाण्याचा माल असेल तर विचारायचंसुद्धा नाही.

मग इथल्या कोणत्या गोष्टीचं कौतुक करावं? ज्या कायद्यात ती खुळी बंदी आहे, त्याच कायद्यात एक कलम मला पटतं. कुत्रा चावला की मालक भरपाईला जबाबदार. 'तो याआधी कधी चावला नव्हता', 'माझी काही चूक नव्हती' ही सबब चालत नाही. शिवाय 10,000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडं भारतीय न्याय संहितेचं 291 कलम आहे, त्यातही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण दंड पाच हजारांपर्यंतच आणि मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो. पाच हजारांत आजकाल अशा पिल्लाचा पट्टा, साखळी आणि दोन महिन्यांचं खाणं तरी भागेल का?

अमेरिकेची सीमा ओलांडताना तर जातीवरून कुणी अडवत नाही. 1 ऑगस्ट 2024 पासून नियम असे आहेत की कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, अंगात मायक्रोचिप हवी आणि सीडीसी या आरोग्य संस्थेचा फॉर्म भरलेला हवा. पुढची अट महत्त्वाची आहे. गेल्या सहा महिन्यांत तो रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशात राहिला असेल तर लसीचे आणखी कागद दाखवावे लागतात, आणि त्या देशांच्या यादीत भारत आहे. बाळ्याऐवजी कोल्हापुरातलं एखादं पांढरंशुभ्र पामेरियन घेऊन आलो असतो, तरी जास्त प्रश्न त्याच्याबद्दल झाले असते. हे मला शहाणपणाचं वाटतं.

आपल्याकडं मार्च 2024 मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 23 जातींची यादी काढली. पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, 'मॅस्टिफ' म्हणून सरसकट सगळे. राज्यांनी विक्री-पैदाशीला परवाने देऊ नयेत, पाळलेल्यांची नसबंदी करावी, असं पत्र. महिन्याभरात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं, संबंधितांना विचारलंच नाही म्हणून. भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. लखनौत 2022 मध्ये घरच्याच पिटबुलने एका वृद्ध बाईचा जीव घेतला, ती बातमी वाचून माझाही हात बाळ्याच्या पट्ट्याकडं गेला होता. पण यादीत 23 नावं मावली, मालकाचं नाव एकदाही आलं नाही. नंतर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टात भटक्या कुत्र्यांचा विषय तापला तेव्हाही, उचला आणि उचलू नका, एवढ्याच दोन आरोळ्या मला इथवर ऐकू आल्या.

खरं तर कोल्हापूरला हे शिकवायची गरज पडू नये. दिवाळीत म्हशी नटवून रस्त्यावर आणतात, मालक फटफटी पळवतो आणि म्हैस त्याच्या हाकेसरशी मागं धावते. चार-पाचशे किलोचं जनावर, भर गर्दीत. ती म्हैस जातीने हुशार म्हणून नव्हे, तर गवळी रोज तिच्यामागं राबतो म्हणून ऐकते. रॉटवायलरसुद्धा मुळात जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचा, गुरं हाकणारा आणि गाडी ओढणारा कामाचा कुत्रा. त्याला दारात साखळीला बांधून 'डेंजर' पाटी लावली तर तो बिघडणारच.

पण भाच्याला मी 'घे' म्हणालो नाही, आणि त्याचं कारण कुत्र्यात नाही. अमेरिकेत मला 11 तास गाडी चालवता येते, मग सलग 10 तास विश्रांती सक्तीची, आणि ट्रकातलं यंत्र ते नोंदवतं. त्या 10 तासांत बाळ्याचं फिरणं होतं. मेन इंजिन बंद ठेवून एसी चालवणारं छोटं इंजिन असतं, त्याला एपीयू म्हणतात. ते बंद पडलं तर उन्हात उभ्या केबिनमध्ये काही मिनिटांत कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. आपल्याकडं 2025 पर्यंत लागू असलेला 1961 चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तास काम म्हणायचा. भाच्याला विचारा, शेवटची आठ तास झोप कधी लागली. ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला तो 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या गाड्यांना; त्याचा ट्रक जुना आहे. एप्रिलच्या दुपारी कोल्हापूरच्या तावडे हॉटेलजवळ नंबर लागायची वाट बघत तो स्वतः दार उघडं टाकून गमछा ओला करून पडतो. तिथं काळ्या, दाट केसांच्या कुत्र्याला कुठं बसवणार? आधी ड्रायव्हरला झोप आणि वारा मिळू दे. ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा तालमीची पोरं गप्प झाली आणि बहिणीने अंगठा टाकला, जसं काही मी तिच्या बाजूने बोललो.

तिच्या बाजूने नव्हे. भाच्याला मी सांगितलंय: पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायला 2017 च्या नियमांत बंदी आहे, महिन्याचं देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नको. आई-बाप डोळ्यांनी बघ. लस, चिप, महापालिकेची नोंद, सगळे कागद पिल्लाच्या आधी. आणि ट्रकात न्यायचं असेल तर एसीची गाडी मिळेपर्यंत थांब, तोवर घरी ठेवायचं तर रोज दोन वेळा फिरवणार कोण ते आत्ताच ठरव.

'व्हय मामा' एवढंच उत्तर आलं. काल कळलं की ॲडव्हान्स देऊन झालाय, फक्त आईला सांगायचं माझ्यावर टाकलंय.