गजबज हवी, पण दहापर्यंत

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस समुद्रकिनारी करायचा, यावर आमच्या घरात चहा गार व्हायच्या आत एकमत झालं. एवढ्या लवकर एकमत झालं की पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असतं. ठिकाण सुरक्षित पाहिजे, ही माझी अट. ठिकाणाला गजबज पाहिजे, ही बायकोची. "पंचवीस वर्षं तुमच्याबरोबर शांततेतच काढलीत मी," असं कारण तिने दिलं. त्यावर अपील करायची सोय नव्हती.

सुरक्षिततेच्या बाबतीत माझा अभ्यास दांडगा आहे. समुद्रात आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलं, तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारून दमायचं नसतं. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडायचं आणि मग वळायचं. हे मी जेवताना सविस्तर समजावून सांगत होतो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, पण तुम्हाला पोहता कुठे येतं?" येत नाही. म्हणूनच तर अभ्यास आहे. पोहता येणारा माणूस वाचत बसत नाही, सरळ पाण्यात जातो.

मुलीने बंगळुरूहून एक एक्सेल शीट पाठवली. उभ्या रांगेत ठिकाणं, आडव्या रांगेत सुरक्षितता, गजबज, मार्चमधलं हवामान, खर्च आणि 'आजीला काय सांगायचं'. हा शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा होता, हे आम्हाला नंतर कळलं.

पहिलं नाव अर्थातच गोव्याचं. बागा-कळंगुटला गजबज हवी तेवढी, आणि नको तेवढीही. सुरक्षितता म्हणाल तर 2008 पासून गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. लाल-पिवळे झेंडे असतील त्या पट्ट्यात डुंबायचं, नुसता लाल असेल तर वाळूत बसून लाटा बघायच्या. माझा आक्षेप निराळाच होता. गोव्यात नाशिकची माणसं भेटतात. आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी फुलाफुलांच्या बर्म्युड्यात शॅकवर बसलेले एकदा दिसले की पुढच्या सभेत त्यांच्याशी मेंटेनन्सवरून भांडता येत नाही. त्यांनी आपल्याला तशा अवस्थेत पाहिलं तर त्यांनाही येत नाही. सोसायटीच्या हिताच्या दृष्टीने गोवा नको.

तरी मी दक्षिण गोव्यातलं पाळोळे सुचवून पाहिलं. उघड्यावर रात्री दहानंतर मोठ्याने गाणी लावायला कायद्याने बंदी, म्हणून तिथे हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या निघाल्या. माणसं घामाघूम होऊन नाचतात आणि बाहेर उभ्या असलेल्याला नुसते वाळूवर आपटणारे पाय ऐकू येतात. माझ्या अटीतही बसणारी आणि हिच्या अटीतही बसणारी इतकी चोख तडजोड मानवजातीला दुसरीकडे कुठे जमलेली नाही. बायको म्हणाली, "कानात काहीतरी खुपसून तुम्ही घरीही बसताच की."

त्या वादात एक गोष्ट मात्र उजेडात आली. मी विचारलं, "तू रात्री दोनपर्यंत जागणार आहेस का?"

"मी कशाला जागू? ते जागतील. मी साडेदहाला झोपेन. पण झोपताना बाहेर काहीतरी चालू आहे असं वाटलं पाहिजे."

म्हणजे हिला गजबजीत भाग घ्यायचा नव्हता, तिची राखण हवी होती. दिवे, माणसं, कुणीतरी गिटार वाजवतंय, कुणीतरी भाजलेलं मक्याचं कणीस विकतंय, आणि आपण खुर्चीत बसून 'काय ही माणसं' म्हणायचं. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. फक्त मी त्याला सुरक्षितता म्हणत होतो.

इथवर प्रकरण दोघांत होतं. मग ते हिच्या माहेरी, हर्णैला पोचलं. हिचे मामा बंदरावर वाढलेले. परदेशातल्या समुद्राबद्दल त्यांचं मत असं, की तो दिसायला बरा असतो. "गजबज हवी ना? संध्याकाळी बंदरावर या. लिलाव सुरू झाला की उभं राहायला जागा नसते." हे खोटं नाही. हर्णैचा मासळीचा लिलाव ज्याने पाहिलाय त्याला शेअर बाजार मुका वाटेल. पण तो आटोपला, टोपल्या उचलल्या गेल्या, की गावात उरतात मांजरं आणि नातेवाईक. रौप्यमहोत्सवी जोडप्याने किनाऱ्यावर हातात हात घालून फिरावं आणि प्रत्येक वाडीच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, कुणीतरी "कधी आलात? जेवायला कुणाकडे?" म्हणून अडवावं, यातलं पहिलं वाक्यही पूर्ण होत नाही. कोकणात हातात हात धरायला मुळात हात मोकळा नसतो. त्यात कुणीतरी दिलेली आमसुलांची पिशवी असते.

मामांची खरी मदत दुसऱ्याच बाबतीत झाली. तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब त्यांनी मला शिकवला. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीन वाजता. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. आमच्या कोकणपट्टीवर हे गणित घड्याळाच्या बऱ्यापैकी जवळ जातं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. "पण मामा, हे थायलंडला चालेल का?" मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की भाचीचं लग्न ठरवताना त्यांनी आणखी दोन-चार स्थळं बघायला हवी होती. "चंद्र एकच आहे ना?"

पुढची काही नावं भराभर गेली. अंदमान सुंदर, पण इतकं पूर्वेला असून घड्याळ आपलंच, त्यामुळे हिवाळ्यात सव्वापाचच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि मार्चमध्येही फारसा दम धरत नाही. शिवाय काही किनाऱ्यांवर मगरींपासून सावध राहा असे फलक आहेत. लक्षद्वीपला परवाना काढावा लागतो. परवाना म्हटल्यावर माझ्यातला निवृत्त कारकून सुखावला, तर बायको म्हणाली, "रजेवर जाताना अर्ज लिहायचा नाही." मालदीवमध्ये एका बेटावर एक हॉटेल, बाकी चहूकडे पाणी. नवपरिणितांना ते ठीक. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या माणसांनी पळून जायला जागा नसलेल्या बेटावर आठवडाभर एकमेकांच्या समोर बसणं माझ्या सुरक्षिततेच्या व्याख्येत बसत नाही.

मॉरिशस मला मनापासून आवडलं होतं. प्रवाळांच्या रांगेमुळे मोठ्या लाटा बाहेरच अडतात आणि आतलं पाणी शांत असतं, म्हणजे माझ्यासारख्या अभ्यासू माणसाची सोय. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर कामाला गेलेली मराठी माणसं तिथे स्थायिक झालेली आहेत आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. तिथेच घोडं पेंड खाल्लं. "पंचवीस वर्षांनी एकदा बाहेर पडायचं," ती म्हणाली, "आणि तिथेही कुणीतरी विचारणार, तुमचं मूळ गाव कोणतं?" एक्सेल शीटमध्ये 'मार्च : चक्रीवादळांचा मोसम' असंही लाल अक्षरांत होतं, पण ती रांग आधीच गेली होती.

मग आलं बाली. यावर मात्र जरा थांबावं लागेल, कारण बालीने आमच्या घरात जेवढी खळबळ केली तेवढी प्रत्यक्ष तिथे गेलेल्यांच्याही घरात झाली नसेल. सेमिन्याक, कुटा या बाजूला हवी ती गजबज आणि मोठ्या लाटा. पूर्वेकडच्या सानूरला प्रवाळांमुळे शांत पाणी, सकाळी किनाऱ्यावरून सायकली चालवणारे म्हातारे युरोपियन. दोन्ही टोकं एका बेटावर. तारखा पाहिल्या आणि लक्षात आलं, की बालीचं नवं वर्षही शक संवत्सराचंच. आपला पाडवा आणि त्यांचा न्येपी काही वर्षी एकाच दिवशी येतात. 2023 मध्ये आले होते, 22 मार्चला. यंदा, 2026 मध्येही, 19 मार्चला. आमचा लग्नाचा वाढदिवस त्यानंतर दोनच दिवसांनी.

न्येपीच्या आदल्या संध्याकाळी बालीत राक्षसांचे अवाढव्य पुतळे खांद्यावर घेऊन ढोल-झांजांच्या गदारोळात मिरवणुका निघतात. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून चोवीस तास सगळं बंद. विमानतळ बंद, रस्ते बंद, काम नाही, करमणूक नाही, दिवा लावायचा नाही, मोबाईलचं इंटरनेटही बंद. पाहुण्यांनी हॉटेलातच राहायचं. रस्त्यावर फक्त पेचालांग नावाचे गावचे रखवालदार, बाहेर पडलेल्याला परत आत पाठवायला. मला तर हे वाचून भरून आलं. आदल्या दिवशी हिची गजबज, दुसऱ्या दिवशी माझी शांतता, तीही सरकारी बंदोबस्तात! हिलाही मिरवणूक बघायची होती. तिकिटं बुक करायला मी कार्ड बाहेर काढलं.

आई कोपऱ्यात वाती वळत होती. तिने विचारलं, "पाडव्याला दिवा लावायचा नाही?"

"एकच दिवस, आई. ती तिकडची पद्धत आहे."

"आणि गुढी?"

परदेशी हॉटेलच्या बाल्कनीत, संपूर्ण बेट गप्प असताना, काठीवर तांब्या पालथा घालून साडी नेसवणारा माणूस आणि खालून वर बघणारा रखवालदार, हे दृश्य आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे एकदमच आलं असावं. बालीची रांग मुलीने करड्या रंगाने भरून टाकली. गुढी घरी उभारायची आणि मग निघायचं, एवढं ठरलं.

राहिलं फुकेत. नोव्हेंबर ते एप्रिल त्या किनाऱ्याचा समुद्र सौम्य असतो, मे ते ऑक्टोबरच्या पावसाळ्यात लाल झेंडे लागतात. आम्ही मार्चमध्ये जाणार, म्हणजे हवामानाच्या रकान्यात हिरवा रंग. पाटोंगला बांगला रोड नावाचा रस्ता संध्याकाळी गाड्यांना बंद करून निव्वळ गजबजीला मोकळा ठेवतात. त्याच्या दक्षिणेला करोन आणि मग काटा, मवाळ माणसांचं. काटाला राहायचं, आणि हिला हुक्की आली की अर्ध्या तासात पाटोंग. गजबज अशी अर्ध्या तासावर असली म्हणजे बरी पडते. जाता येतं, आणि बहुधा जायचं राहून जातं.

आता 'आजीला काय सांगायचं'. आईला 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी पक्की आठवत होती. मी म्हटलं, आता तिथे पाण्यापासून कुठल्या दिशेला पळायचं त्याच्या निळ्या पाट्या लावल्यात. "पाट्या लावल्यात म्हणजे पळावं लागतं," आई म्हणाली. काही किनाऱ्यांवर जेलीफिश डसला तर ओतायला व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावून ठेवतात, हे मी तिला धीर देण्यासाठी सांगितलं. ते सांगायला नको होतं, असं मुलीने नंतर वेगळं कळवलं. सुरक्षिततेचा सगळा बंदोबस्त आईला धोक्याचं प्रमाणपत्र वाटतो, आणि तिचं चुकतं असं मला ठामपणे म्हणता येत नाही. हर्णैला एकही पाटी नाही, म्हणून हर्णै सुरक्षित, या तर्काला काय उत्तर द्यायचं?

बायकोचा एकच हट्ट होता, तिथे भाड्याची स्कूटर घ्यायची. बारा गावच्या खड्ड्यांतून स्कार्फ गुंडाळून स्कूटर हाणणाऱ्या बाईला थायलंडचे गुळगुळीत रस्ते काय करणार, असं तिचं म्हणणं. दुचाकीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विम्याची कंपनी हात वर करू शकते, हे मी पॉलिसीच्या बारीक अक्षरांत बोट ठेवून दाखवलं. तिने चष्मा न लावता ते वाचलं आणि म्हणाली, "दिसत नाही." तो मुद्दा प्रलंबित आहे.

हॉटेलच्या फॉर्मवर शेवटी एक प्रश्न होता. प्रवासाचं काही खास निमित्त? वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मधुचंद्र. लग्नाच्या वाढदिवसाला एक केक. मधुचंद्राला केक, पलंगावर फुलं, टॉवेलचे दोन हंस आणि एक संध्याकाळचं जेवण. बायकोने क्षणभरही विचार न करता मधुचंद्रावर टिचकी मारली. "सातारा-कास केलं होतं आपण, त्याला कोण मधुचंद्र म्हणेल?" अंशतः समुद्र दिसणारी खोली स्वस्त होती, तीच घेतली. अंशतः म्हणजे बाल्कनीत एका कोपऱ्यात वाकून उभं राहिलं की, असं परीक्षणांत होतं.

बुकिंग मुलीच्या ईमेलवरून केलेलं. तिने पावती न वाचताच कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. मजकुराच्या वर गुलाबी अक्षरांत आमचं दोघांचं नाव आणि खाली, 'आपल्या मधुचंद्रासाठी हार्दिक अभिनंदन'. ग्रुपवर एरवी सुप्रभातला वीस अंगठे येतात. त्या दुपारी कुणी काही लिहिलं नाही. आत्याने काहीतरी टाईप करून पुसलं. दोन भाच्यांनी बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या. शेवटी मामांचा निरोप आला.

"21 तारखेला पोचताय. तृतीया आहे. भरती सव्वादोनला. तिकडचं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे पावणेचार धरा. जेवून लगेच पाण्यात उतरू नका."